तळ दिसतो का? सोलापुरातील जलतरण तलाव आणि सुरक्षेचे नियम : एक आढावा

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, शाळांना सुट्टी लागते आणि जलतरण तलावाच्या खिडकीपुढे पाससाठी रांग लागते. रांगेतल्या आईबापांचे प्रश्न ठरलेले असतात. बॅच किती वाजता, फी किती, शिकवायला कोण आहे. पाण्यात क्लोरीन किती आहे, फिल्टरचा बॅकवॉश कधी झाला, जीवरक्षक किती आणि ते कुठे शिकले, हे सहसा कोणी विचारत नाही. समजा विचारलेच, तर उत्तर द्यायला बांधील कोण? सार्वजनिक तलावांच्या आरोग्य आणि सुरक्षेचा सगळा वाद फिरून फिरून याच प्रश्नाशी येतो. या लेखात त्या वादाची आजची स्थिती मांडायची आहे.

विहिरीपासून टाइल्सपर्यंत

साठी ओलांडलेले बहुतेक सोलापूरकर विहिरीत पोहायला शिकले. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या काकाच्या हातात. नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण होते. जेवून लगेच उतरायचे नाही, एकट्याने उतरायचे नाही, नवख्यांनी पायऱ्या सोडायच्या नाहीत आणि काठावर एक तरी जाणता हवाच. आज ज्याला आपण जीवरक्षक म्हणतो तो हाच काठावरचा जाणता. फरक इतकाच, की काकाचे सगळे लक्ष एका पोराकडे असे आणि आजच्या जीवरक्षकाला एका बॅचमधली सगळी डोकी सांभाळावी लागतात.

सोलापूरची नगरपालिका १९६४ मध्ये महापालिका झाली. महापालिकेच्या मार्कंडेय जलतरण तलावाचे नाव पद्मशाली समाजाच्या दैवतावरून आलेले आहे. गिरण्या आणि मागांच्या या गावात स्वस्तात पोहण्याची सोय ही श्रमिक वस्तीची गरज होती, हे त्या नावातूनही कळते. पुढे शाळा-महाविद्यालये, क्लब, हॉटेले आणि अलीकडे गृहसंकुले यांचेही तलाव आले. आज ‘सार्वजनिक तलाव’ म्हटले की पावती फाडून कोणालाही उतरता येईल तो तलाव एवढाच अर्थ पुरत नाही. सोसायटीच्या तलावात दोनशे घरांतली मुले उतरत असतील, तर आरोग्याच्या दृष्टीने तोही सार्वजनिकच. नियमांची भाषा मात्र अजून या बदलाला पुरती सरावलेली नाही.

नियम आहेत कुठे

‘नियमच नाहीत’ असे म्हणणे चूक आहे. नियम आहेत, पण पाच ठिकाणी विखुरलेले.

पहिले ठिकाण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्यातल्या कलम ६६ मध्ये महापालिकेच्या ऐच्छिक कर्तव्यांची यादी आहे. सार्वजनिक धुलाईघरे आणि स्नानाच्या जागा यांच्याबरोबर, सार्वजनिक आरोग्य सुधारणाऱ्या सोयींत, जलतरण तलावही त्या यादीत बसवलेले आहेत. हा शेजार विलायतेतून आला असावा. इंग्लंडने १८४६ मध्ये कायदा करून गावोगावी स्नानगृहे आणि धुलाईघरे बांधायला परवानगी दिली, ती कामगारांच्या स्वच्छतेसाठी. म्हणजे कायद्याच्या नजरेत तलाव मुळात आरोग्याची सोय आहे. करमणूक नंतरची. पण कर्तव्य ऐच्छिक असल्यामुळे तो बांधलाच पाहिजे असे नाही, आणि बांधल्यावर कसा चालवावा याचा तपशील त्या कलमात नाही. तो तपशील कलम ४५८ खाली उपविधी करून भरता येतो. अशा उपविधीला राज्य सरकारची मंजुरी लागते.

दुसरे ठिकाण बांधकामाचे नियम. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिचा भर तलाव कुठे बसतो यावर आहे. त्यातल्या पाण्याचे रोज काय होते, हा तिचा विषय नाही.

तिसरे ठिकाण पोलीस कायदा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करता येतात. दिल्लीत तर जलतरण तलावाला पोलिसांचा परवाना घ्यावा लागे. जून २०२५ मध्ये उपराज्यपालांनी हा अधिकार पोलिसांकडून काढून घेतला. परवाना द्यायला पोलीस योग्य की स्थानिक संस्था, हा प्रश्न देशाच्या राजधानीतही इतक्या उशिरा सुटला, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

चौथे ठिकाण भारतीय मानक ब्युरो. तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे मानक १९९३ च्या सुधारित रूपात उपलब्ध आहे. जलरोधक बांधकामासाठी वेगळे मानक आहे. मात्र एखाद्या कायद्याने, उपविधीने किंवा कराराने बंधनकारक केले तरच असे मानक पाळावे लागते. एरवी ते कपाटात राहते.

पाचवे ठिकाण सर्वांत व्यवहारातले, म्हणजे मक्त्याच्या अटी आणि भिंतीवरचा फलक. तलाव मक्त्याने दिला असेल तर जीवरक्षक किती, पाणी किती वेळा तपासायचे, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे सगळे त्या करारात असते. पोहणाऱ्याला दिसतो तो फलक. त्यावर ‘आंघोळ करून उतरावे’, ‘संसर्गजन्य रोग असलेल्यांना प्रवेश नाही’ आणि ‘अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही’ अशी वाक्ये असतात. शेवटचे वाक्य कायद्यापुढे कितपत टिकते, ते पुढे पाहू.

पाणी : स्वच्छ आणि सुरक्षित यांतले अंतर

पाण्याच्या बाबतीत शास्त्राचे म्हणणे बऱ्यापैकी एकमुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये तलावांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार साध्या तलावात मोकळा क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम असावा आणि सार्वजनिक तलावात तो ३ च्या पुढे जाऊ नये. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा. गढूळपणा ०.५ एनटीयूच्या आत असावा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू एकही सापडू नये.

अडचण आकड्यांत नाही, ते सोलापूरच्या उन्हात टिकवण्यात आहे. क्लोरीनला ऊन सोसत नाही. उघड्या तलावात सकाळी सहाला टाकलेल्या मात्रेतला बराचसा भाग दुपारपर्यंत उडून जातो. त्यामुळे संध्याकाळच्या बॅचचे पाणी सकाळच्या नोंदीवर चालत नाही. दिवसातून एकदा तपासणी पुरे, असे म्हणणाऱ्या अटी थंड हवेच्या किंवा छत असलेल्या तलावांना ठीक असतील, इथे त्या अपुऱ्या ठरतात. उपाय म्हणून सायन्युरिक आम्ल मिसळतात. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण त्याची जंतू मारण्याची गतीही कमी करते. म्हणून अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था असे पाणी असल्यास क्लोरीनची किमान पातळी १ ऐवजी २ धरायला सांगते.

पीएचचाही असाच खेळ आहे. साडेसातच्या आसपास पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो. तोच पीएच साडेआठवर गेला की हा वाटा दहाव्या हिश्श्यापर्यंत घसरतो. आकडा तोच, काम पाचपट कमी. नोंदवहीत फक्त क्लोरीन लिहिणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

आता हिशेब करू. २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ५ लाख ६० हजार लिटर पाणी मावते. त्यात क्लोरीनची पातळी १ मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे ५६० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या टीसीएल पावडरीत एक तृतीयांश उपयुक्त क्लोरीन धरला तर पावणेदोन किलो पावडर. पण पत्र्याच्या खोलीत दोन महिने ठेवलेल्या पोत्यातली पावडर ताजी राहत नाही. माप तेच घालायचे आणि मात्रा अर्धी पडायची, हे इथल्या उन्हाळ्यात सहज होते. म्हणून ‘रोज इतके किलो टाकतो’ हे उत्तर पुरेसे नाही. पाण्यात शिल्लक किती राहिला, हे मोजले पाहिजे. खेड्यापाड्यांतले जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात. तेवढीच साधी चाचणी इथे दर काही तासांनी व्हायला हवी.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की आपण म्हणतो, ‘आज क्लोरीन जास्त झाला.’ बहुतेक वेळा उलटे असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि तो वास त्यांचा असतो. म्हणजे मोकळा क्लोरीन खर्ची पडला आहे आणि लोक आंघोळ न करता उतरले आहेत. शॉवर घेऊनच उतरण्याचा नियम शिष्टाचारापुरता नाही, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

योग्य क्लोरीनमध्येही सगळे जंतू सारख्या वेगाने मरत नाहीत. ई-कोलाय मिनिटाच्या आत मरतो, कावीळ करणाऱ्या हेपटायटिस-ए विषाणूला सुमारे सोळा मिनिटे लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात न उतरवणे हा नियम कोणत्याही पावडरीपेक्षा मोलाचा. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या आक्कुळमचा एक तलाव बंद करावा लागला. नाकावाटे शिरणारा हा अमिबा कोमट, दुर्लक्षित गोड्या पाण्यात वाढतो. रोग दुर्मीळ आहे, पण जवळजवळ नेहमीच जीवघेणा. आपल्याकडचे पाणी मे महिन्यात कसे असते ते वेगळे सांगायला नको.

औषधच जेव्हा बाधते

९ जानेवारी २०२४ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी येथील जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्यांसह सुमारे वीस जणांना त्रास झाला. या घटनेने महाराष्ट्रातल्या चर्चेचा रोख बदलला. तोवर प्रश्न क्लोरीन पुरेसा आहे का, एवढाच होता. त्यानंतर क्लोरीन कोण हाताळतो, हाही झाला. क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असतो. तो खाली, नेमका पाण्याच्या पृष्ठभागावर आणि काठावर बसतो, जिथे पोहणारा श्वास घेत असतो.

वायूचे सिलिंडर काढून सगळीकडे द्रवरूप हायपोक्लोराइट किंवा गोळ्या आणाव्यात, असे एक मत. मोठ्या तलावाला सिलिंडर स्वस्त आणि खात्रीचा पडतो, प्रश्न प्रशिक्षित हातांचा आहे, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. मात्र हायपोक्लोराइट आणि आम्ल चुकून एकत्र झाले तरी तोच वायू तयार होतो, त्यामुळे साधन बदलले तरी प्रशिक्षणाची गरज सुटत नाही.

काठावरचा माणूस

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे चित्रपटात. प्रत्यक्षात तो मुकाट्याने खाली जातो. म्हणून जीवरक्षकाचे काम मुख्यतः पाहण्याचे आहे, आणि वाद त्याच्या नजरेबद्दलच आहे. एका माणसाने किती पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे? तो शिकवतही असेल, पास तपासत असेल, गेटही सांभाळत असेल तर चालेल का?

या शेवटच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. कोवळमच्या एका सरकारी हॉटेलच्या तलावात मार्च २००६ मध्ये एक पर्यटक बुडाला होता. तिथला जीवरक्षक मद्यकक्षातही काम करत होता. पाहुण्यांची काळजी घेणे हे हॉटेलचे कर्तव्य असल्याचे सांगून न्यायालयाने साडेबासष्ट लाखांची भरपाई कायम ठेवली. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याला नुसत्या फलकाने हात झटकता येत नाहीत, हे यातून दिसते. भिंतीवरचे ते शेवटचे वाक्य म्हणूनच वाटते तितके भक्कम नाही. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

प्रशिक्षणाची सोय नाही असे नाही. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी अशी प्रमाणपत्रे देते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरता लागणारा माणूस एवढे शिकून का येईल आणि त्याला पगार काय द्यायचा, इथे गाडी अडते. आणि अजूनही अनेक ठिकाणी बुडालेल्याला उलटे धरून पोटातले पाणी काढण्याचा प्रयत्न होतो. त्यात अमूल्य मिनिटे जातात. आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, हे काठावरच्या प्रत्येकाला यायला हवे.

खोलीबद्दल थोडक्यात. स्पर्धेत ठोकळ्यावरून सूर मारायला तिथे किमान १.३५ मीटर पाणी असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उथळ बाजूला सूर किंवा मुटका मारण्याची बंदी सगळीकडे लिहिलेली असते. खोलीचे आकडे मात्र टाइल्सवरून पुसट झालेले असतात.

तपासणी म्हणजे काय, याचे एक गमतीदार उदाहरण दादरचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावात मगरीचे पिल्लू निघाले. सकाळी लोक उतरण्याआधी कर्मचाऱ्यांनी पाणी पाहिले म्हणून ते सापडले. सोलापुरात मगर यायची नाही, पण बॅचच्या आधी पाणी पाहण्याची सवय इथेही हवी.

कोणाला आत घ्यायचे

‘त्वचारोग असलेल्यांना प्रवेश नाही’ हा नियम ऐकायला सरळ वाटतो, पण त्यात कोड असलेली व्यक्तीही अडवली जाते. कोड संसर्गजन्य नाही. बरा झालेला कुष्ठरोगीही अडवला जातो, जरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. नियमात रोगाची नावे नेमकी लिहावीत, असे डॉक्टरांचे म्हणणे रास्त वाटते. डॉक्टरच्या दाखल्याबाबतही तसेच. फिट येणाऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना ओळखायला तो उपयोगी आहे, पाण्यातून पसरणारे रोग रोखायला फारसा नाही, कारण दाखला एप्रिलचा आणि जुलाब मेमधले.

पोशाखाच्या वादात दोन मुद्द्यांची गल्लत होते. सुती कपड्यांचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि घाम पाण्यात सुटतो, म्हणून नायलॉन हवे, हे आरोग्याचे कारण. अंग किती झाकावे हा वेगळा प्रश्न आहे. पूर्ण बाह्यांचा नायलॉन पोशाख पाण्याला कोणताच त्रास देत नाही, त्यामुळे महिलांच्या बॅचमध्ये यावरून कोणाला परत पाठवायचे कारण नाही.

तीन भूमिका

पुढे काय करावे, याबद्दल तीन भूमिका दिसतात.

पहिली परवान्याची. महापालिकेने उपविधी करावा, तिच्या हद्दीतल्या हॉटेल-सोसायट्यांसह सर्व तलावांना वार्षिक परवाना लागू करावा आणि आरोग्य खात्याने पाण्याचे नमुने घ्यावेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळुरूजवळच्या सोमेश्वर येथे एका रिसॉर्टच्या तलावात तीन तरुणी बुडाल्या. त्यानंतर या मागणीला जोर आला. यावर आक्षेप असा, की जी महापालिका स्वतः तलाव चालवते तिनेच स्वतःला परवाना द्यायचा का?

दुसरी भूमिका कराराची. नवा कायदा होईपर्यंत वर्षे जातील, त्याऐवजी मक्त्यातच आयएस ३३२८, रोजच्या नोंदी आणि जीवरक्षकांची किमान संख्या घालावी आणि मोडल्यास अनामत जप्त करावी. ब्रिटनचे उदाहरण या बाजूने दिले जाते. तिथे तलावांसाठी वेगळा कायदा नाही. १९७४ चा सर्वसाधारण सुरक्षा कायदा आणि सविस्तर मार्गदर्शिका यांवर काम चालते. पण तिथे मार्गदर्शिकेच्या मागे तपासनीसांची यंत्रणा उभी आहे, हे हे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत.

तिसरी भूमिका सहसा लेखात येत नाही, पण तलावावर ऐकू येते. नियम फार कडक केले तर स्वस्त तलाव बंद पडतील आणि पोरे पुन्हा विहिरीत, शेततळ्यात, कालव्यात उतरतील. ही भीती पोकळ नाही. देशात बुडून मरणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये ३८ हजारांहून अधिक नोंदली गेली आणि यातले बहुतेक मृत्यू उघड्या पाण्यातले असतात. उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, ते आपल्याच जिल्ह्याच्या काठावर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२३ च्या धोरण आराखड्याने बुडणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला. पोहायला शिकवणे हा त्यावरचा एक उपाय आहे. मग शिकवायची जागाच महाग करून कसे चालेल, असा हा युक्तिवाद. त्याला उत्तर असे, की वाईट पाण्याचा स्वस्त तलावही शेवटी बंदच पडतो.

पाण्याच्या टंचाईचा मुद्दा यालाच जोडून येतो. ज्या शहरात नळाला दिवसाआड नव्हे तर कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे तलाव भरावेत का? ५० मीटरच्या मोठ्या तलावात दोन मीटर खोली धरली तर २५ लाख लिटर पाणी लागते. माणशी १३५ लिटरने ते साडेअठरा हजार लोकांचे एका दिवसाचे पाणी होते. पण चांगला फिल्टर असेल तर हे पाणी एकदाच भरायचे असते, नंतर बाष्पीभवनाची भर घालायची. पातळी एक सेंटिमीटर उतरली तर साडेबारा हजार लिटर. फिल्टर बंद ठेवून दर काही दिवसांनी पाणी बदलणे हीच खरी उधळपट्टी आहे. आरोग्य आणि काटकसर इथे एकाच बाजूला उभ्या आहेत.

जे सुटलेले नाही

बरेच प्रश्न अजून उघडे आहेत. सोसायटीचा तलाव सार्वजनिक मानायचा का? तपासणीचा अधिकार आरोग्य खात्याचा, बांधकाम खात्याचा की क्रीडा खात्याचा? पाण्याचा नमुना मक्तेदाराने द्यायचा की न सांगता घ्यायचा? जीवरक्षक आणि पोहणारे यांचे प्रमाण पाण्याच्या क्षेत्रफळावर ठरवायचे की डोक्यांवर? कोविडच्या काळात तलाव मार्च २०२० पासून बंद होते, ते सर्वांसाठी खुले करायला केंद्राची परवानगी फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली. त्या सक्तीच्या सुट्टीत या प्रश्नांची उत्तरे शोधता आली असती. संधी गेली.

माझ्या मते उपविधी हवाच, पण त्याची वाट न पाहता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. क्लोरीन, पीएच, तपासणीची वेळ आणि ड्युटीवरच्या जीवरक्षकाचे नाव, एवढ्या चार नोंदी बॅचगणिक खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहाव्यात. त्याला ना मंजुरी लागते, ना निविदा.

तोवर रांगेतल्या आईबापांसाठी एकच विनंती. पैसे भरण्याआधी खोल बाजूच्या काठावर जाऊन उभे राहा आणि खाली पाहा. तळावरची काळी पट्टी आणि पाणी ओढणारी जाळी स्वच्छ दिसत नसेल, तर तिथे बुडालेले मूलही कोणाला दिसणार नाही. त्या दिवशी पोराला घरी घेऊन जा.